जुनी गाडी: मालकाकडून, कन्सल्टंटकडून की कंपनीच्या शोरूममधून?

समजा बजेट चार लाखांच्या आसपास आहे आणि सहा-सात वर्षं वापरलेली पेट्रोल स्विफ्ट किंवा वॅगन-आर हवी आहे. तीच गाडी, तेच साल, जवळजवळ तेवढेच किलोमीटर, तरी पुण्यात तीन ठिकाणी तीन भाव सांगितले जातील. थेट मालक सगळ्यात कमी सांगेल, ऑटो कन्सल्टंट, म्हणजे जुन्या गाड्या विकणारा दुकानदार, त्याहून थोडं जास्त आणि कंपनीचं ‘सर्टिफाइड’ दालन सगळ्यात जास्त. वरचे पैसे कशाचे, हे कळलं की निवड सोपी होते. गाडीत उद्या दोष निघाला किंवा कागद अडकले, तर निस्तरायचं कुणी, याचे ते पैसे असतात.

थेट मालकाकडून घेण्याचा खरा फायदा भावाहून मोठा आहे: गाडीबरोबर तिचा माणूस बघायला मिळतो. सर्व्हिसच्या पावत्या फाइलला लावून ठेवणारा, टायर कधी बदलले ते न विचारता सांगणारा मालक भेटला तर निम्मी तपासणी तिथेच झाली. गाडी का विकताय, यावर उत्तर चाचरत येत असेल तर गाडीत दोष आहेच असं नाही, पण नोंद घ्या. तोटाही सरळ आहे. पैसे दिले की संबंध संपला. महिनाभरात गिअरबॉक्स वाजायला लागला तर फोन करून उपयोग नाही. ओळखीतल्या किंवा नात्यातल्या माणसाची गाडी तर मी सहसा टाळायला सांगतो, कारण तिथे भावही तोडता येत नाही आणि नंतर तक्रारही करता येत नाही. शिवाय ऑनलाइन जाहिरातींत ‘ओनर’ म्हणवणारे बरेच जण एजंटच असतात. आरसीवरचं नाव आणि समोरच्याचं आधार कार्ड जुळवा, नाव वेगळं असेल तर इसारसुद्धा देऊ नका.

ऑटो कन्सल्टंटकडे एका फेरीत पाच-सात गाड्या बघून होतात, जुनी गाडी बदलून घेता येते, कर्जाचं बघणारा माणूस तिथेच बसलेला असतो आणि आरटीओचं कामही तो करून देतो. नोकरी सांभाळून गाडी शोधणाऱ्याला ही सोय लहान नाही. पण गाडी विकायला लावण्याआधी तिला पॉलिश, इंजिन वॉश, सीट कव्हर सगळं झालेलं असतं, त्यामुळे मालकाच्या पार्किंगमध्ये जे डाग सहज दिसले असते ते इथे शोधावे लागतात. जीएसटीचाही फरक आहे. डिसेंबर २०२४ मधल्या जीएसटी परिषदेनंतर जुन्या गाड्यांच्या व्यवहारात नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के कर लागतो. पूर्ण किमतीवर नाही, खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर. साडेतीन लाखांना घेतलेली गाडी चार लाखांना विकली तर कर त्या ५० हजारांवर. एका खासगी माणसाने दुसऱ्याला विकली तर हा कर नाहीच.

कन्सल्टंटच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकते ती ‘ओपन’ फॉर्मवर गाडी फिरवण्याची सवय. मूळ मालकाच्या कोऱ्या सह्या घ्यायच्या आणि खरा खरेदीदार मिळेपर्यंत गाडी त्याच्याच नावावर ठेवायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघातात ठरवलं की आरटीओत ज्याचं नाव आहे, भरपाईसाठी मालक तोच. यावर उपाय म्हणून १ एप्रिल २०२३ पासून नियम बदलले: जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म २९-सीने तसं आरटीओला कळवलं गेलं पाहिजे. ‘तुमचं अधिकारपत्र दाखवा’ एवढंच विचारून बघा. उत्तरावरून दुकानाचा अंदाज येतो.

मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूसारखी कंपन्यांची दालनं आणि स्पिनी, कार्स२४ यांसारख्या ऑनलाइन कंपन्या या तिसऱ्या वाटेला भाव जवळपास ठरलेला असतो, घासाघीस फारशी चालत नाही. बदल्यात वॉरंटी मिळते, ऑनलाइनवाले काही दिवसांत गाडी परत करण्याची मुभाही देतात. वॉरंटीचा कागद मात्र वाचा. ती ठरावीक वय आणि किलोमीटरच्या आतल्या गाड्यांनाच असते आणि भर इंजिन-गिअरबॉक्सवर असतो. क्लच प्लेट, ब्रेक, टायर, बॅटरी हे झिजणारे भाग सहसा बाहेर, आणि या वयाच्या गाडीत पहिला खर्च नेमका तिथेच निघतो. शंभर-दोनशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल छान दिसतो, पण तो विकणाऱ्यानेच केलेला असतो. म्हणून तिथेही आपला मिस्त्री न्यावा.

तपासणी तिन्हीकडे सारखीच करायची. गाडी सकाळी, थंड इंजिनावर बघायची, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चालू करताच निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) बघायला लावा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. तिथून धुराचे जोरदार लोट निघत असतील तर पिस्टन रिंगांचं काम जवळ आलंय आणि भाव कितीही चांगला असला तरी तो खर्च धरूनच बोला. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (पुढच्या चाकांवरचा आतला पत्रा) आणि रेडिएटरची पट्टी बघा. कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड एकसारखे दिसतात, हातोडा चाललेला पत्रा लपत नाही. दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असणं आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये क्षम्य आहे. पिलर (छताला धरणारे खांब) किंवा चॅसिसला मार असेल तर मी फुकटही घेणार नाही.

मीटर मागे केलेलं ओळखायला एकच खूण पुरत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीचं मीटर २८ हजार दाखवतंय आणि चारही टायर २०२३ चे, तर प्रश्न विचारा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टीअरिंगची झिजलेली कडाही बोलते. तरी पक्कं उत्तर अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस नोंदीतच मिळतं. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हेही बघा. दिवा लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून टाकलेला असू शकतो.

पुराची गाडी हा आपल्या राज्यातला वेगळाच विषय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या विम्यात टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडच्या, ठरतात, भंगाराच्या भावात विकल्या जातात, दुरुस्त होऊन दूरच्या शहरात उभ्या राहतात. महिने दोन महिने छान चालतात, मग वायरिंग एकेक करून जायला लागतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसेल. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आणि डिकीत स्टेपनीखाली गाळ आहे का बघा. अत्तराचा वास जास्तच येत असेल तर गालिचा उचलून दाखवायला सांगा.

कागदांत गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० तर लागतातच. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. एचपी, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा, उतरली की मगच नावावर होण्याचा मार्ग मोकळा. थकलेले ई-चलान आधीच तपासा. स्वस्त दिसणारी दिल्ली पासिंग डिझेल गाडी मोहात पाडते, पण तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर यांचा हिशेब मांडला की स्वस्ताई बरीच उतरते.

मग घ्यायची कुठून? भरवशाचा मिस्त्री आहे, दोन-तीन महिने थांबता येतं आणि पैसे रोख आहेत, तर मालकाकडूनच. कर्ज काढायचंय किंवा जुनी गाडी द्यायचीय, तर अधिकारपत्र असलेला कन्सल्टंट. पहिलीच गाडी, गॅरेजची ओळख नाही, तर सर्टिफाइडचे वरचे पैसे द्यायला हरकत नाही, फक्त तीच गाडी नवी केवढ्याला पडते ते एकदा बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी काही जण अजून आधीच्या नव्या किमतीवरून जुनीचा भाव सांगतात.

विमा मात्र कुठूनही घेतली तरी तुम्हालाच बघायचा आहे: १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करा. मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल. ती बजेटमध्ये आधीच धरा.