गोडो इंजिनवर उसाची ट्रॉली चढवली त्याची गोष्ट

दिवसा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या क्वालिटीला असतो, रात्री जेवण झाल्यावर गेम बनवतो. गेमचं नाव 'डबल ट्रॉली'. गळीत हंगामात ज्याच्या मागं अडकून आपण सगळे शिव्या घालतो तोच ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि फडातनं कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ऊस न सांडता न्यायचा. शेवटी वजनकाटा. गेममधला काटा तरी मारत नाही, एवढी हमी.

सगळं गोडो ४ वर केलं. गोडो म्हणजे गेम इंजिन, गेम बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, लायसन्स एमआयटीचं, म्हणजे गेम विकला तरी इंजिनवाल्यांना रुपया द्यायचा नाही. झिप शंभर एमबीच्या आत, इन्स्टॉल करायची भानगड नाही. माझ्या ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपला ते सोसलं. त्यात कोड लिहायची जीडीस्क्रिप्ट भाषा पायथॉनच्या वळणाची. पायथॉन थोडं येत असेल तर आठवड्यात हात बसतो.

पण मी गोडोकडं आलो तो अक्षरांसाठी. गोडो ३ मध्ये देवनागरी नीट जुळत नव्हती. 'शिरोली' लिहिलं की वेलांटी 'श'च्या उजवीकडं जाऊन बसायची, आणि 'ट्रॅक्टर'चे तर पाय मोडलेले तुकडे दिसायचे. मार्च २०२३ मध्ये ४.० आलं, त्यात हार्फबझ नावाची अक्षरं जुळवणारी लायब्ररी आहे, ती जोडाक्षरं बांधते. मुक्ता फॉन्ट टाकला (तोही मोफत) आणि 'वाघबीळ' ही लेव्हल पडद्यावर पहिल्यांदा धड दिसली. मराठीत गेम करणाऱ्याला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

आता ट्रॉलीचं. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या हे तीन रिजिडबॉडी (वजन असलेल्या, ढकलल्या की हलणाऱ्या वस्तू), मधे पिनजॉइंट (दोघांना जोडणारी खीळ, म्हणजे आपला हुक). मी हुशारी करून खरी वजनं घातली: ट्रॅक्टर दोन टन, भरलेली ट्रॉली दहा. चढाला लागल्यावर हुक च्युइंगमसारखा ताणला आणि मागची ट्रॉली रस्त्यातनं खाली गेली. चूक माझीच. हलक्याला जड जोडलं की कुठल्याही फिजिक्स इंजिनची दमछाक होते. वजनांतला फरक कमी केला, फिजिक्सचे ठोके (इंजिन हालचालीचं गणित किती वेळा करतं ते) सेकंदाला ६० वरनं १२० केले, तेव्हा हुक जाग्यावर राहिला.

मग वडिलांना दाखवलं. त्यांनी अकरा हंगाम ट्रॅक्टर चालवलाय. एकदा खेळले आणि म्हणाले, "चढाला तोंड उचलंना झालंय की रं तुझा." खरं होतं. भरल्या ट्रॉलीनं चढाला पुढची चाकं हवेत जातात, म्हणून तर पुढं वजनं लावतात. गोडोत वस्तूचा गुरुत्वमध्य हातानं सरकवता येतो. तो जरा मागं घेतला. आता जास्त ॲक्सिलेटर दिला की तोंड उचलतं आणि पोरं ओरडतात. गेममधली मजा म्हणाल तर ती ह्या एका आकड्यात आहे.

मोळ्या आधी ऐंशी होत्या, प्रत्येक सुटी. चुलतभावाच्या ३ जीबीच्या फोनवर फोटो काढल्यासारखं थांबलं. चोवीसवर आणल्या आणि रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, 'मोबाइल'वरनं हलक्या 'कम्पॅटिबिलिटी'वर आणला, मग पळालं. जुन्या फोनांसाठी करत असाल तर पहिल्या दिवशीच तोच निवडा.

कमी काय? जाहिराती आणि इन-ॲप खरेदी इंजिनात नाही, प्लगइन शोधून जोडावं लागतं. प्ले स्टोअरला लागणारी एएबी फाइल (ॲपचं गाठोडं) ग्रेडल बिल्ड चालू केल्याशिवाय निघत नाही; त्यासाठी जेडीके १७, अँड्रॉइड एसडीके अशी जावा-अँड्रॉइडची अवजारं वेगळी बसवायची, सगळी जुळवाजुळव. माझे दोन रविवार त्यात गेले. आणि कीस्टोअर फाइल (ॲपवर सही करायची किल्ली) पेनड्राइव्हवर, मेलवर, दोन्हीकडं ठेवा. विचारू नका का.

पुढचं काम इंजिनचं नाही, तरी सांगतो. प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर. नवीन वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. भावकीतनं आणि कंपनीतनं माणसं गोळा केली. नवव्या दिवशी मामांनी कसलं तरी बटण दाबून टेस्टिंग सोडलं आणि आकडा अकरावर आला. परत पहिल्यापासनं. ह्यावेळी पंधरा घेतले, आणि मामांना फक्त मिसळीला बोलावलं.

गोडोला माझ्याकडनं पाचपैकी चार. एक तो जाहिरातींच्या प्लगइनपायी कापला.

गेम आला. वडिलांनी स्वतःच्या फोनवर उतरवला, वाघबीळ पार केलं आणि विचारलं, "टेप कुठाय?" ट्रॉलीवर गाणी वाजत नसली तर तो उसाचा ट्रॅक्टर कसला. पण बाजारातली गाणी परवानगीशिवाय टाकता येत नाहीत. गल्लीतल्या एका पोराची हलगी मोबाइलवर रेकॉर्ड केलीय. शेवटच्या ठेक्याला मागं कुत्रं भुंकतंय, ते तसंच ठेवणार आहे.