अनन्य कळ नसलेली माहिती आणि मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस

म्हापशातील आमच्या काजू-खरेदीच्या पेढीत बिलांची नोंद एका सर्व्हरवर होते आणि तिचा जो व्ह्यू (निवडक माहिती तक्त्यासारखी दाखवणारी मांडणी) आम्हांला वापरावयास मिळतो, त्याला प्राथमिक कळ, म्हणजे प्रत्येक ओळीत वेगळे मूल्य असणारे ओळखीचे क्षेत्र (रकाना), नाही. ओडीबीसीने (वेगवेगळ्या माहितीसाठ्यांना जोडणाऱ्या प्रमाणित पद्धतीने) तो मायक्रोसॉफ्टच्या माहितीसाठा-प्रोग्रामला, म्हणजे अ‍ॅक्सेसला जोडताना प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येईल अशी क्षेत्रे निवडण्यास सांगणारी चौकट येते. दहापर्यंत क्षेत्रे निवडता येतात, आणि काहीच न निवडल्यास तक्ता केवळ वाचता येतो, त्यात दुरुस्ती करता येत नाही.

मी घाईने तारीख आणि बागायतदाराचा क्रमांक निवडला. सत्तरीच्या एका बागायतदाराने एकाच दिवशी सकाळी ४० आणि संध्याकाळी ६५ किलो बी घातली होती. पडद्यावर मात्र ४० किलोचीच ओळ दोनदा दिसली, तर बेरजेच्या क्वेरीत (माहितीसाठ्याला विचारलेल्या प्रश्नात) बिनचूक १०५ आले. अ‍ॅक्सेस आधी कळा आणतो आणि मग त्या कळांवरून ओळी मागवतो; इथे दोन्ही ओळींची कळ एकच असल्याने तीच ओळ दोनदा आली. बेरीज मात्र सर्व्हरच करतो, म्हणून ही विसंगती. चूक माझीच, पण निवडलेली क्षेत्रे अनन्य (प्रत्येक ओळीत वेगळी) आहेत की नाही हे अ‍ॅक्सेस तपासत नाही, ही उणीव मला मोठी वाटते.

निवडीत पावती क्रमांकही घेतल्यावर सारे सुरळीत झाले. जोडणी काढून पुन्हा केल्यास क्षेत्रे निवडण्याची तीच चौकट पुन्हा येते; त्यावर ‘क्रिएट युनिक इंडेक्स’ ही, कोणती क्षेत्रे अनन्य आहेत हे अ‍ॅक्सेसला सांगणारी, आज्ञा जोडलेल्या तक्त्यावर चालवणे सोयीचे, कारण त्यासाठी सर्व्हरवर कोणतीही परवानगी लागत नाही.