चौकट, काचपट्टी की सेमिनार? पी.यू.सी. जीवशास्त्राचा प्रकल्प निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील जो विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतो आणि मग पी.यू.सी.ला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) पीसीएमबी, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र, घेतो, त्याच्यापुढे पहिल्या काही आठवड्यांतच दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. एक म्हणजे पुस्तक, शिकवणे आणि रेकॉर्ड (प्रयोगवही) सगळे इंग्रजीत असते. दुसरी म्हणजे अध्यापक वर्षभरासाठी एखादा छोटा प्रकल्प निवडायला सांगतात आणि तो कशाच्या आधारावर निवडावा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी जीवशास्त्राच्या १०० गुणांपैकी ७० लेखी परीक्षेला आणि ३० प्रात्यक्षिकाला असतात, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या प्रकल्पाकडे ‘उरकून टाकायचे काम’ म्हणून पाहण्याची सवय लागते. माझ्या मते या दोन्ही अडचणींचे उत्तर एकच आहे. ज्या कामात विद्यार्थी स्वतः काहीतरी मोजतो, ते काम त्याने निवडावे, कारण मोजलेल्या वस्तूला चिकटून आलेला इंग्रजी शब्द सहसा विसरला जात नाही. पुढील तुलना याच कसोटीवर केलेली आहे.

साधारणपणे तीन मार्ग समोर असतात: परिसरातील वनस्पतींची चौकट टाकून मोजणी, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी कांद्याच्या मुळाची काचपट्टी (स्लाइड), किंवा एखाद्या विषयावर वाचन करून सेमिनार. थर्मोकोलचे मॉडेल हा चौथा मार्ग अनेकांना सर्वांत सोपा वाटतो, पण त्यात शिकतो तो बहुतेक वेळा रंगवणारा मोठा भाऊ, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही.

चौकटीचे काम दिसायला अगदी साधे असते. दोरीची किंवा तारेची १ मीटर बाय १ मीटर मापाची चौकट करायची, निवडलेल्या जागेत ती दहा ठिकाणी ठेवायची आणि प्रत्येक वेळी आत कोणत्या जातीची किती रोपे आहेत हे लिहायचे. दहा चौकटींपैकी सहा चौकटींत आघाडा आढळला तर त्याची वारंवारता ६० टक्के. दहाही चौकटींत मिळून आघाड्याची ४५ रोपे भरली तर घनता दर चौरस मीटरला ४.५. गणित एवढेच असले तरी त्यातून प्रश्न मात्र पुष्कळ निघतात. वारंवारता जास्त आणि घनता कमी असे एखाद्या जातीचे का होते? गुरे चरणारे गायरान आणि कुंपणाआडची पडीक जागा यांत टाकळा, तेरडा, रानतुळस आणि काँग्रेस गवत यांचे प्रमाण सारखे निघते का? गवताच्या एका बुंध्यातून दहा फुटवे फुटले असतील तर रोप एक धरायचे की दहा? या शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थी आपसांत भांडतात तेव्हा प्रकल्प खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे. ते भांडण टाळायचे असेल, तर मोजणी रुंद पानांच्या वनस्पतींपुरती ठेवावी आणि तसे अहवालात स्पष्ट लिहावे.

या कामातील नेहमीची चूक म्हणजे जिथे झाडे छान दिसतात तिथे चौकट ठेवणे. जागेवर पावलांनी आडवे-उभे अंक मानून चिठ्ठ्या काढल्या आणि जिथे चिठ्ठी नेईल तिथेच चौकट ठेवली, मग ती जागा उघडी मुरमाड का असेना, तरच आकड्यांना अर्थ राहतो. रिकामी चौकट हीसुद्धा नोंदच असते, आणि हे पटवून देणे मला नेहमी सर्वांत कठीण गेले आहे.

या मार्गाला अडचणी आहेत, पण त्या विषयाच्या नसून ऋतूच्या आहेत. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये शेतात उभे राहणे अशक्य होते आणि पायाला जळवा लागतात त्या वेगळ्याच. उलट दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळत जाते आणि रोपे ओळखू येत नाहीत. म्हणून पाऊस ओसरलेला सप्टेंबर हा खरा काळ. त्यासाठी अभयारण्यात शिरण्याची गरज मुळीच नाही. खानापूर तालुक्यातील भीमगड २०११ साली अभयारण्य घोषित झाले आहे आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊन काही तोडणे गैर आहे. घरच्या भाताच्या खाचराचा बांध पुरतो, आणि बांधावरच्या झाडांची मराठी नावे आजीला विचारता येतात, हा फायदा कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

कांद्याच्या मुळाची काचपट्टी हा याच्या अगदी उलट स्वभावाचा प्रकल्प आहे. तिथे पाऊस, अंतर, बसची वेळ यांचा संबंध येत नाही, पण हाताची सफाई लागते. कांद्याच्या बुडाच्या वाळक्या मुळ्या खरवडून तो पाणी भरलेल्या ग्लासच्या तोंडावर असा बसवायचा की बुड पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढऱ्या मुळ्या दोन-तीन सेंटिमीटर वाढतात. त्यांची टोके सकाळी कापून एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवतात, मग सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये किंचित गरम करून मऊ करतात, अॅसिटोकार्माइनने रंगवतात आणि वर ठेवलेल्या पातळ काचेवर, म्हणजे कव्हरस्लिपवर, टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबतात. अॅसिड हाताळताना अध्यापक शेजारी हवेतच. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि जास्त झाला तर कव्हरस्लिप फुटते. दोन-तीन कांदे वाया गेल्याशिवाय ते जमत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते, कारण पुस्तकातल्या चित्रासारख्या ठसठशीत अवस्था क्वचित दिसतात आणि बहुतेक पेशी नुसते गोल केंद्रक घेऊन स्वस्थ बसलेल्या असतात. ‘सर, प्रयोग फसला’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. वास्तविक तेच निरीक्षण आहे: पेशी आपल्या चक्रातला बहुतेक काळ दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेत घालवते, म्हणून तशाच पेशी जास्त दिसणार. अशा वेळी २०० पेशी मोजून त्यांपैकी किती विभाजनाच्या कोणत्या अवस्थेत आहेत याचा तक्ता करावा, आणि शक्य असल्यास सकाळी व दुपारी कापलेल्या मुळांचे तक्ते शेजारी मांडावेत. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. एखादी मध्यावस्था (मेटाफेज) नीट पसरली असेल तर त्यातली गुणसूत्रे मोजण्याचा प्रयत्न होतो, आणि मोजणी १४ वर अडली तर दोन कुठे लपली याचा शोध सुरू होतो. ‘मेटाफेज’ आणि ‘अॅनाफेज’ हे शब्द या शोधात शंभरदा तोंडी येतात. घोकंपट्टीने आठवडाभरात जे होत नाही, ते इथे एका दुपारी होते.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे सगळे वेळखाऊ वाटेल. त्या परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असल्यामुळे त्यांची धडपड समजण्यासारखी आहे, आणि त्यांनी तरी काचपट्टीच घ्यावी, कारण पेशीविभाजन अभ्यासक्रमात आहेच आणि काम महाविद्यालयाच्या वेळेत आटोपते. चौकटीला दोन रविवार द्यावे लागतात.

सेमिनारविषयी थोडक्यात सांगता येईल. ज्याला इंग्रजीत उभे राहून बोलण्याची भीती घालवायची आहे त्याला त्याचा उपयोग होतो. जीवशास्त्र शिकण्यासाठी तो तिन्हींत दुबळा आहे, कारण त्यात शब्द आधी येतात आणि वस्तू अनेकदा येतच नाही. इंटरनेटवरून उतरवलेली दहा पाने वाचून दाखवणे हा त्याचा नेहमीचा शेवट. तरीही सेमिनारच घ्यायचा असेल, तर विषय आपल्या भागातला घ्यावा. भीमगडजवळच्या बारापेडे गुहांतील रॉटनचे वटवाघूळ बराच काळ जगात फक्त तिथूनच ठाऊक होते आणि नंतर मेघालयात व कंबोडियातही सापडले; एखादी जात ‘दुर्मीळ’ आहे असे आपण कशावरून ठरवतो, हा प्रश्न त्यातून सुंदर मांडता येतो. गुहेत जाऊन फोटो काढण्याचा मोह मात्र टाळावा.

निपाणी-संकेश्वरकडच्या विद्यार्थ्यांना एक जोडवाट सुचवावीशी वाटते. तंबाखू, मिरची, बटाटा, टोमॅटो आणि वांगे ही सगळी सोलॅनेसी कुळातली, म्हणजे अभ्यासक्रमातले कूळ त्यांच्या शेतातच उभे आहे. या पाचांची फुले उकलून पाकळ्या, पुंकेसर आणि अंडाशयातील कप्पे मोजले, तर तंबाखूचे गुलाबी लांबट फूल आणि मिरचीचे लहानसे पांढरे फूल एकाच कुळातले का मानतात हे नुसत्या भिंगानेही कळते. सूक्ष्मदर्शकासाठी वाट पाहावी लागत नाही आणि पावसाचीही फारशी अडचण येत नाही.

रेकॉर्डबद्दल एक सूचना तिन्ही मार्गांना लागू आहे. आपल्याकडे ज्याला रेकॉर्ड म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजकडे जर्नल, त्याची सिनियरच्या वहीवरून नक्कल करण्याची परंपरा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे. मोजणीची कच्ची वही वेगळी ठेवावी, तीत मराठीत लिहायला हरकत नाही. पेशीभित्तिका, हरितद्रव्य, परासरण हे शब्द जिथे सुचतील तिथे लिहावेत आणि इंग्रजी शब्द शेजारी जोडावा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक ‘हा आकडा कसा आला’ असे विचारतात तेव्हा हीच मळकी वही उपयोगी पडते.

काचपट्टी निवडणाऱ्याने लॅबच्या तीन-चार दिवस आधी कांदा ग्लासवर बसवावा आणि पाणी रोज बदलावे. चौकट निवडणाऱ्याने गणपतीच्या सुट्टीआधी दोरी मोजून गाठी मारून ठेवाव्यात, कारण सुट्टी संपली की सहामाही परीक्षा येते आणि ती संपेपर्यंत माळ पिवळा पडू लागलेला असतो.