ईव्हीए फोम: कॉस्प्ले स्पर्धेच्या अर्जासाठी घेतलेली परीक्षा

कॉस्प्लेच्या, म्हणजे एखाद्या काल्पनिक पात्राचा पोशाख करून तो घालण्याच्या छंदाच्या, साहित्याविषयी लिहिताना बहुतेक जण ते मंचावर कसे दिसते, दिवसभर अंगावर कसे टिकते आणि लोकलच्या गर्दीतून शाबूत उतरते की नाही, एवढाच विचार करतात. हे प्रश्न खरे आहेत, पण नंतरचे आहेत. ज्या स्पर्धांत आधी अर्ज मागवून निवडकांनाच मंचावर बोलावले जाते, तिथे परीक्षकाच्या हाती प्रथम येतात ती छायाचित्रे आणि सोबतचे चार परिच्छेदांचे वर्णन. पोशाखाला हात लावून पाहण्याची संधी त्याला फार उशिरा मिळते. म्हणून ज्या ईव्हीए फोमपासून मी दोन चिलखते केली, त्याचे परीक्षण मुद्दाम अर्जाच्या अंगाने लिहीत आहे. पहिल्या चिलखताचा अर्ज नाकारला गेला आणि दुसऱ्याचा स्वीकारला गेला. दोन्ही वेळा दुकान तेच होते, जाडी तीच होती. बदलला होता तो फोमचा रंग.

ईव्हीए म्हणजे इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट. मुलांच्या खोलीत जमिनीवर एकमेकांत अडकवून पसरतात त्या चटया आणि चपलांचे मऊ तळ याच फोमचे असतात. चटया सहज मिळतात, परंतु त्यांच्या एका बाजूला खडबडीत नक्षी असते आणि ती घासून काढण्यात संध्याकाळ जाते. त्यापेक्षा पादत्राणांचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून सपाट शीट घेणे केव्हाही चांगले. मुंबईत त्यासाठी मी कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत गेलो, कारण तिथे चपला-बूट करणाऱ्यांची वस्ती आहे आणि शीट दाबून पाहू देतात. अंगठ्याने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला तर शीट चिलखताच्या कामाची. खळगा रेंगाळला तर ती फार मऊ. छातीकवचाला १० मिमी, खांदे आणि बाहूंना ५ मिमी, वरच्या नक्षीला २ मिमी, या तीन जाड्यांत माझे सगळे काम झाले.

आता रंगाकडे येतो. पहिल्या वेळी काळी शीट घेतली. व्यवहाराच्या दृष्टीने ती शहाणपणाची निवड होती, कारण वरचा रंग खरवडला गेला तरी खालून काळेच दिसते आणि जुनाट लोखंडाच्या चिलखताला ते शोभते. अर्जात मात्र तिने घात केला. प्रगतीची छायाचित्रे मी रात्री, ट्यूबलाइटखाली, फोनवर काढली होती. काळा फोम प्रकाश गिळतो. फोनचा कॅमेरा एक तर त्याचा सपाट ठिपका करतो, नाही तर उजेड इतका वाढवतो की मागची भिंत पांढरीफटक होते. कापलेले तुकडे, जोडलेले सांधे, कोरलेली नक्षी यांपैकी काहीही दिसत नव्हते, आणि नकाराच्या उत्तरात एकच कारण होते: घडणीचे टप्पे स्पष्ट होत नाहीत. मला राग आला होता, पण आज तीच छायाचित्रे पाहिली की परीक्षकाशी वाद घालावासा वाटत नाही.

दुसऱ्या वेळी राखाडी शीट घेतली. तिच्यावर पेन्सिलीची रेघ दिसते, कटरचा छेद दिसतो, आणि खिडकीतून तिरका उजेड पडला की प्रत्येक कडेला सावली येते. अर्जाच्या दृष्टीने या फोमचा सर्वांत मोठा गुण इथेच आहे: त्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा डोळ्यांना वेगळी दिसते. अंगाभोवती स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर सांध्यांच्या रेषा आखायच्या, ते कवच कापून उलगडायचे आणि त्याचे साचे पुठ्ठ्यावर उतरवायचे; हे पहिले छायाचित्र. साच्यांवरून कापलेले फोमचे तुकडे जमिनीवर मांडून, शेजारी पोलादी पट्टी ठेवून घेतलेले दुसरे. तिसरे सर्वांत बोलके. फोमवर उथळ चिरा देऊन त्यांवर हीट गनची गरम हवा सोडली की चिरा फाकतात आणि कोरीव रेघ तयार होते. त्याच उष्णतेने पृष्ठभागावरची छिद्रे मिटून किंचित चकाकी येते आणि तुकडा बाटलीवर वाकवून थंड केला तर तो बाक तसाच राहतो. चिरा दिलेला पण न तापवलेला एक तुकडा आणि तापवलेला दुसरा शेजारी-शेजारी ठेवून मी छायाचित्र काढले. तंत्र समजावण्यासाठी लिहिलेला अर्धा परिच्छेद त्यामुळे खोडून टाकता आला.

जो उजेड नक्षी दाखवतो तोच उजेड सांधाही दाखवतो, ही मात्र या फोमची खरी अडचण आहे. जोडण्यासाठी चांभार वापरतात ते पिवळसर सोल्युशन किंवा सुतार सनमायका चिकटवायला वापरतात ते फेव्हिकॉल एसआर चालते. दोन्ही कडांना पातळ थर द्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, बोटाला चिकटेनासे झाले की कडा भिडवाव्यात. कडा एकदा भिडल्या की सुटत नाहीत, त्यामुळे चुकलेला सांधा कापूनच काढावा लागतो. पाते बोथट असेल तर छेद खडबडीत होतो आणि मग कितीही दाबले तरी सांध्यात फट उरते. मंचावर वीस फुटांवरून ती कोणाला दिसत नाही. अर्जातल्या जवळून घेतलेल्या छायाचित्रात पहिली नजर तिच्यावरच जाते. कटरचे टोक दर काही छेदांनंतर मोडून नवे पाते पुढे घेण्यात मी पहिल्या वेळी कंजुषी केली होती. पात्यांच्या पाकिटाची किंमत ती काय!

रंगकामाबाबत माझे मत मध्यम आहे. फोमवर थेट अ‍ॅक्रिलिक रंग लावला तर तो शोषला जातो आणि निस्तेज दिसतो, म्हणून आधी अस्तर, म्हणजे प्राइमरचा थर, लागतो. पांढऱ्या फेव्हिकॉलचे पाण्यात सैल केलेले चार-पाच थर हा स्वस्त उपाय आहे, पण मुंबईच्या पावसाळ्यात तो थर वाळता वाळत नाही, बोटांचे ठसे उमटतात आणि कोपराजवळ, जिथे फोम वाकतो, तिथे पुढे भेगा पडतात. लवचिक रबरी लेप अधिक टिकतो, पण महाग पडतो. छायाचित्रापुरते बोलायचे तर भेगा पडायच्या आत छायाचित्र निघते, एवढाच फेव्हिकॉलच्या बाजूचा मुद्दा. चंदेरी रंगावर फ्लॅश मारू नये. धातूचा भास जाऊन प्लास्टिकचा होतो.

परदेशी थर्मोप्लास्टिकशी, म्हणजे तापवले की मऊ होणाऱ्या प्लास्टिकशी, आणि विशेषतः वोर्ब्लाशी तुलना अटळ आहे. वोर्ब्ला साधारण ९० अंश सेल्सिअसला मऊ होते, उरलेले तुकडे पुन्हा वितळवून वापरता येतात, आणि त्याची कड फोमपेक्षा धारदार येते. बारीक दागिने किंवा मुकुट करायचा असेल तर मी त्याचीच शिफारस करीन. पण संपूर्ण छातीकवचासाठी त्याचा खर्च फोमच्या कितीतरी पट होतो. दुसरीकडे, वाहत्या कापडासारखी घडी फोमला कधीच येत नाही. माझ्या पहिल्या पोशाखातला फोमचा कमरपट्टा छायाचित्रात पुठ्ठ्यासारखा ताठ दिसत होता, तो दुसऱ्या वेळी रेक्झिनचा केला.

दोघांच्या संघासाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जपानमधील नागोया येथे २००३ साली सुरू झालेल्या वर्ल्ड कॉस्प्ले समिटची मंचीय स्पर्धा जोडीने लढवली जाते, आणि तशा अर्जात दोन पोशाख एकाच हातचे वाटणे महत्त्वाचे असते. दोघांनी शीट एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून घ्यावी. लेबलवर ५ मिमी लिहिलेल्या दोन शीट प्रत्यक्षात वेगळ्या भरू शकतात, आणि दोन व्यक्ती शेजारी उभ्या राहिल्या की कडांच्या जाडीतला फरक लगेच जाणवतो.

अर्जाच्या वर्णनात साहित्याचे नाव लिहिताना नुसते ‘फोम’ लिहू नये. जाडी, जोडण्याची पद्धत, अस्तर आणि कोणता भाग विकत घेतला हेही लिहावे. माझे बूट तयार होते, त्यांवर फक्त फोमची आवरणे चढवली होती, आणि मी तसेच लिहिले.

शेवटी घरच्यांच्या वतीने एक तक्रार. सोल्युशनचा दर्प आणि तापलेल्या फोमचा धूर बंद खोलीत घेण्यासारखा नाही, आणि कडा घासताना उडणारी भुकटी छातीत जाते. खिडक्या उघड्या ठेवून, रासायनिक वाफा अडवणारा मुखवटा लावूनच काम करावे. साध्या कापडी मास्कने भुकटीही धड अडत नाही, वाफ तर नाहीच. मंचासाठी कोणी विचारले तर मी आजही काळी शीट घ्यायला सांगेन. अर्ज भरायचा असेल तर राखाडी घ्यावी, आणि पहिला तुकडा कापण्याआधी खिडकीजवळची जागा मोकळी करावी.