साडेनऊशे रुपयांत विजापूर: बस चोख, वेळापत्रक चुकलं

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हक्काची सुट्टी फक्त रविवारची, त्यामुळे मुक्कामाच्या सहली मला जमत नाहीत. म्हणून ही विजापूरची एक दिवसाची सहल निवडली. माणशी ₹९५०, त्यात बस, चहा-नाष्टा आणि दुपारचं जेवण. आई आणि सातवीतली लेक बरोबर होती.

पहाटे पाचला पुष्पराज चौकातून बस सुटली आणि साडेपाचला मिरजेत थांबली, अगदी ठरल्या वेळेला. आईचे गुडघे दुखतात हे बुकिंग करताना सहज बोललो होतो. आयोजकाच्या माणसानं तिच्यासाठी दारामागची पहिली सीट राखून ठेवली होती, आणि दिवसभर प्रत्येक थांब्यावर "आजी, सावकाश" म्हणत हात देऊन उतरवलं. एवढ्या पैशात अशी काळजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. कागवाड, अथणीमार्गे नऊला विजापुरात पोचलो.

इथून पुढे माझी तक्रार आहे. गोलघुमटाला नेलं साडेअकराला! आधी मुलुखमैदान तोफ, मग जुम्मा मशीद, मग पाऊण तास कापडाच्या दुकानात. तोफ बघायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. फर्ड्या वक्त्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो, ती तोफ हीच. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्या दातांत सापडलेला हत्ती. लेक त्या हत्तीपाशी बराच वेळ उभी होती. पण ही तोफ दुपारीही बघता येते. गोलघुमटाचं तसं नाही.

मोहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा व्यास जवळजवळ ४४ मीटर, आणि आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर सगळा भार पेललाय. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या चढून वरच्या सज्जात गेलं, की या टोकाला पुटपुटलेलं त्या टोकाला ऐकू येतं. आम्ही वर गेलो तेव्हा तीन शाळांच्या सहली एकदमच ओरडत होत्या आणि प्रत्येक आरोळी पुन्हा पुन्हा घुमत होती. लेकीनं कान झाकून घेतले. शेवटी रखवालदारानं शिट्टी मारून सगळ्यांना गप्प केलं. त्या मिनिटभरात मी भिंतीकडे तोंड करून खिशातली पावती हळूच फाडली. समोरच्या बाजूनं तिनं हात वर केला, ऐकू आलं म्हणून. या एका मिनिटासाठी साडेनऊशे वसूल झाले, पण सकाळी नऊला तिथे असतो तर ते मिनिट अर्ध्या तासाचं झालं असतं.

आई वर चढली नाही. तिनं समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय निवांत पाहिलं.

जेवण उत्तम: कडक ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. वाढणारे आग्रह करत होते.

इब्राहिम रोजाला, म्हणजे इब्राहिम आदिलशहाच्या कबरीला, मात्र फक्त पंचवीस मिनिटं दिली. खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत चक्क अक्षरं कोरलेली आहेत, उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. इब्राहिम आदिलशहा गाण्याचा मोठा षौकीन. सतारी घडवणाऱ्या मिरजेच्या माणसांना तिथून घाईनं उठवू नये.

प्रवेश तिकिटं वेगळी काढावी लागतात, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं.

परतताना आयोजकाला हे सगळं सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं: गोलघुमट पहिला, दुकान रद्द. डिसेंबरात भावाच्या कुटुंबाला घेऊन याच बसनं जाणार आहे. आईनं तिची पहिली सीट आत्ताच सांगून ठेवलीय. तिला त्या जाळ्या पुन्हा बघायच्या आहेत.