पेन स्टेशन: वरचं गार्डन हलवायचं की ठेवायचं?

न्यूयॉर्कचं मूळ पेन स्टेशन, म्हणजे शहराचं मोठं रेल्वे स्थानक, १९१० साली उघडलं, तेव्हा काचेच्या छतातून ऊन आत यायचं. १९६३ पासून ते पाडत गेले आणि १९६८ मध्ये त्याच्या डोक्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन (बाग नव्हे, खेळ आणि मैफलींचं बंदिस्त स्टेडियम) येऊन बसलं. तेव्हापासून रोज लाखो माणसं तळघरातून ये-जा करतात.

पहिला पर्याय, गार्डन दुसरीकडे न्यायचं. उजेड परत येईलच, शिवाय गार्डनचे जे खांब थेट फलाटांवर उतरलेत तेही काढता येतील. बोर्डावर फलाटाचा आकडा लागला की गर्दी अरुंद जिन्याकडे धावते आणि खाली बॅगा ओढत खांबांना वळसे घालते. खरं दुखणं तिथेच आहे. मात्र जागा, प्रचंड पैसा आणि मालकांचा होकार, तिन्ही हवं. २०२३ मध्ये सिटी कौन्सिलने गार्डनला या जागेवर चालण्याचा परवाना दिला तो पाचच वर्षांचा.

दुसरा पर्याय, गार्डन ठेवून त्याचं आठव्या अ‍ॅव्हेन्यूकडचं थिएटर तेवढं पाडायचं, तिथे प्रशस्त प्रवेशदालन करायचं. हे तुलनेने सोपं. पण फलाट अरुंदच राहणार! २०२१ मध्ये समोरच्या जुन्या पोस्टात मॉयनिहन हॉल हे स्थानकाचं नवं दालन झालं, देखणं आहे. जिना उतरलात की फलाट तेच. म्हणून मी गार्डन हलवण्याच्या बाजूने आहे, वेळ लागला तरी.