होल्बाइनचे तीन धर्मगुरू : प्रिंट घ्यावी ती कशी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका डिजिटल प्रिंटवाल्याकडे सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन याच्या मृत्यूनृत्य मालिकेतल्या (सांगाड्याच्या रूपातला मृत्यू लहानथोर सगळ्यांना न्यायला येतो, ती मालिका) तीन चित्रांचा संच मिळतो: पोप, बिशप आणि मठाधिपती. चित्रं घरात लावावीत अशीच आहेत, फक्त ए४ मापात घेऊ नका.

मूळ चित्रं जेमतेम ६५ बाय ५० मिलिमीटरची. होल्बाइनने रेखाटली, हान्स ल्युट्झेलबुर्गरने लाकडी ठशांवर कोरली आणि १५३८ मध्ये फ्रान्समधल्या लियाँला ती पुस्तकरूपाने छापली गेली.

संचात सरस आहे ते मठाधिपतीचं चित्र. सांगाडा त्याला झग्याला धरून फरफटत नेतोय, आणि मठाधिपतीची उंच टोपी आता सांगाड्याच्या डोक्यावर आहे, दंडही त्याच्याच खांद्यावर. पदाच्या खुणा काढून घेतल्यावर मागे उरलाय तो एक घाबरलेला, लठ्ठ गृहस्थ.

दंडाचा अर्थ लावताना आपल्याकडे गफलत होते. शंकराचार्यांच्या हातातला दंड संन्यासाचा. बिशप म्हणजे भाविकांच्या कळपाचा राखणदार, म्हणून त्याचा वरून वळवलेला दंड मेंढक्याचा, चुकार मेंढरू आकड्यात अडकवून मागे ओढायचा. हे ध्यानात आलं की बिशपचं चित्र उलगडतं: मृत्यू त्याला घेऊन निघालाय, मेंढरं रानोमाळ, मेंढके सैरभैर, मागे डोंगराआड सूर्य बुडतोय.

नेमकी हीच प्रिंट फसली आहे. मूळ मापाचं ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन ए४ ला साडेचार पट ताणलं की हाती १३० च्या आसपासच डीपीआय उरतात. वर कॉन्ट्रास्ट चढवलाय. डोंगराच्या रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग झालाय, मेंढरं धोंड्यांसारखी दिसतात, सूर्याचे किरण तर गेलेच. चित्र गंभीर दिसावं म्हणून ते काळं केलं असावं, पण त्यात गांभीर्य आणणारा मावळता सूर्यच बुजला.

पोपची प्रिंट बरी उठली आहे. त्याच्या पायाचं चुंबन घेणारा सम्राट आणि कार्डिनलच्या (पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याच्या) टोपीतला सांगाडा, दोन्ही स्पष्ट दिसतात.

ऑर्डर देताना ए५ माप, १२०० डीपीआय स्कॅन आणि फक्त काळी शाई असं सांगा. चार रंग मिसळून काळा काढला आणि रंग जरा जरी सरकले, तर बारीक रेषेला निळी-लाल कड येते. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) मॅट घ्या. माउंटची (चित्र आणि काच यांच्यामधल्या पुठ्ठ्याची) खिडकी चित्रापेक्षा चहूबाजूंनी तीन मिलिमीटर मोठी कापून घ्या, नाहीतर चित्राच्या कडेची छापील चौकट झाकली जाते. माउंट टाळू मात्र नका: काच थेट कागदाला टेकली तर कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल धरून कागद काचेला चिकटतो.